दोन पलंगांची गाडी

ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांत आमच्या कॉलनीत माझी गाडी हा मोठा विनोद होता. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. जायचं होतं बदलापूर ओलांडून बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यापर्यंत. दूधवाले रोज सायकलवर ये-जा करायचे एवढंच ते अंतर, आणि त्यासाठी हा माणूस आत पलंग बसवलेली मॅटॅडोर करून घेतोय, हे कोणाच्या पचनी पडत नव्हतं. शेजारचे अकाउंट्समधले गृहस्थ मी दिसलो की विचारायचे, काश्मीरला कधी निघताय? मी स्वभावाने तापट. सुरुवातीला हसून सोडून दिलं, पुढे त्यांच्याशी बोलणंच बंद केलं.

खरं कारण सांगायला लागलो असतो तर बायकोच्या दुखण्यापासून सांगावं लागलं असतं, आणि ते मला जिन्यात उभं राहून सांगायचं नव्हतं.

तिच्या मणक्याला टीबी झाला होता. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ती बरेच आठवडे पाठीवर पडून होती. आजार बरा झाला, पण पाठ कायमची अधू झाली आणि मध्यभागी एक उंचवटा राहिला. त्यानंतर ती उभी राहू शकायची, हळूहळू चालू शकायची, ओट्याशी उभं राहून दोन वेळचा स्वयंपाक करायची. आडवं व्हायची तेही फळीवर. बसणं मात्र संपलं. थोडा वेळ बसली की कपाळावर घाम यायचा, आणि बसून धक्के खायचे नाहीत, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. जगातली सगळी वाहनं बसणाऱ्यांसाठी केलेली असतात, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. रिक्षा, एसटी, टांगा, सगळीकडे आधी बसावं लागतं.

तिला जायचं होतं ते आईकडे. आणि आई का येत नव्हती, हे सांगायचं तर सासूबाईंची रीत सांगायला हवी.

आम्हाला मूल झालं नाही. आम्ही दोघांनी त्याचा फार बाऊ केला नाही. पण लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत सासूबाई पाळायच्या. पुष्कळांच्या घरी ती असते आणि चार-पाच वर्षांनी सैल पडते. लोक जावयाच्या हातावर एक नाणं ठेवतात आणि निमूट जेवायला बसतात. सासूबाईंना असल्या पळवाटा मान्य नव्हत्या. लेक एकदा दिली म्हणजे दिली, दिलेल्याच्या दारचं परत तोंडात कसं घालायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. त्या यायच्या तेव्हा फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकट बांधून आणायच्या, आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या. घरात यायच्या, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, पण भूक लागली की उठून बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायच्या. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी स्वतःची भाकरीसुद्धा कधी खाल्ली नाही. कॉलनीतल्या बायका जाता-येता बघायच्या. सासूला जिन्यात जेवायला घालतात, असं बोलणं माझ्या कानावर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

त्यातली खरी मौज पाण्याची. आमच्या नळाला पाणी येई ते बारवीचं, जांभूळच्या जलशुद्धी केंद्रातून आलेलं. धरण झालं तेव्हा सासूबाईंचं भाताचं एक खाचर त्याच पाण्याखाली गेलं होतं. मी एकदा त्यांना म्हटलं की आई, हे तर तुमच्याच शेतावरून आलेलं पाणी आहे, घोटभर घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की शेतावरून आलं खरं, पण आता ते तुमच्या माठात आहे.

ही रीत आड आली नाही असं एकदाच झालं, ते दवाखान्यात. बायको उल्हासनगरला होती तेव्हा सासूबाई तिच्या खाटेशेजारी राहिल्या. समोरच्या खानावळीतून ताट यायचं आणि मायलेकी त्यातून खायच्या. दवाखाना काही लेकीचं घर नव्हे. आई लेकीला भरवायची आणि लेक पडल्या पडल्या, हात पोचेल तसा, आईच्या तोंडात घास घालायची. मी संध्याकाळी कारखान्यातून जायचो तेव्हा हे पाहायचो आणि मला बरं वाटायचं, पण त्यापलीकडे मी काही विचार केला नाही. नंतर घरी आल्यावर बायको एकदा म्हणाली होती, "दवाखान्यातले दिवस चांगले होते." पाठीत वेदना, अंगात ताप, आणि ही म्हणते दिवस चांगले होते. औषधांचा परिणाम असेल असं मी समजलो.

मग सासूबाई खळ्यात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डोळे आधीच अधू होते, तेही हळूहळू गेले, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. एसटीने येणं संपलं. म्हणजे आईला येता येईना आणि लेकीला जाता येईना. दोन पावसाळे असे गेले. माझा मेव्हणा बदलापूरच्या बाजारात भाजी घेऊन यायचा, तिथून कधी कधी आमच्याकडे डोकवायचा. एकदा तो चहा पिता पिता मला हळूच म्हणाला, "दाजी, आई रोज इचारते, बाय येनार हाय का. आता ती लय दिवस काढायची नाय." बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने ऐकलं. पातेलं घासत होती ते घासतच राहिली, बराच वेळ.

त्याच सुमारास आमच्या कारखान्यात एक मोठं यंत्र बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या घराचे फोटो दाखवायचा. एका फोटोत त्याची सुट्टीवर जायची गाडी होती. बाहेरून साधी, आमच्याकडच्या मॅटॅडोरएवढी. आत मात्र दोन्ही बाजूंना एकेक पलंग, मध्ये चालायला बोळ, मागे छोटा ओटा आणि स्टोव्ह. तो आणि त्याची बायको त्यात आठ-आठ दिवस राहतात म्हणे. मी तो फोटो हातातून सोडेना, तेव्हा तो हसायला लागला.

घरी येऊन मी तिला सगळं वर्णन करून सांगितलं. झोपून जायचं, तिथे पोचल्यावर त्यातच राहायचं. माहेरचं घर ठेंगणं, सारवलेली जमीन, दाराशी वाकावं लागायचं, तिथे ती राहूच शकली नसती. गाडीच अंगणात उभी केली तर तिची खोली तिच्याबरोबर जाईल. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "दोन्ही पलंग वेगवेगळे आहेत?"

मी म्हटलं, हो, वेगवेगळे.

मग शोध सुरू झाला. अशी गाडी आपल्याकडे विकत मिळत नाही, ती करून घ्यावी लागते, आणि करून घ्यायचं म्हटल्यावर उल्हासनगरला पर्याय नव्हता. तिथे तेव्हा काय बनत नसे! एका गल्लीत पलंग आणि कपाटं, पुढच्या गल्लीत ट्रकच्या बॉड्या, त्याच्या पुढे गाद्या. मी रविवारी तिथे फिरायचो. शेवटी एका सिंधी शेठच्या शेडमध्ये जम बसला. माणूस गोड बोलणारा आणि पक्का धंदेवाईक. माझं म्हणणं त्याने ऐकून घेतलं आणि मला शेडच्या मागे नेलं. तिथे एक जुनी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. आत एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला बाकडं, खिडक्यांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग. "साईं, सब तैयार है," तो म्हणाला. "चादर बिछाओ और चलो."

मला ती गाडी एकदम पसंत पडली. धक्के कमी लागावेत म्हणून स्प्रिंगचे पाटे नरम केलेले, पलंग पक्का, दार मागून उघडणारं, आत उभं राहण्याइतकी उंची. मेंटेनन्सच्या माणसाला यापेक्षा काय हवं? मी तोंडी होकार देऊन उड्या मारत घरी आलो.

बायको म्हणाली, नको.

मी रंग बदलू म्हटलं, खिडक्या खरवडू म्हटलं. ती नकोच म्हणाली. माझा आवाज चढला. मी म्हटलं की दोन वर्षं आईला पाहिलं नाहीस, गाडी आयती चालून आलीय, आणि तुला रुबाब सुचतोय? तेव्हा ती अगदी शांतपणे बोलली.

"आमच्या पाड्यावर आजवर अ‍ॅम्ब्युलन्स आली ती मेलेलं माणूस परत घेऊन आली. आईला दिसत नाही. अंगणात कसली गाडी आलीय ते तिला कोणीतरी ओरडून सांगेल. मी उतरायच्या आत तिचा जीव जाईल."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. दुसऱ्या रविवारी मी शेठला नाही म्हणून सांगितलं. तो वैतागला, पण मग एक वापरलेली मॅटॅडोर मिळवून दिली. मागचा डबा रिकामा होता, हवा तसा बांधायचा होता.

आत काय कुठे बसवायचं हे ठरवायला ती उल्हासनगरला येऊ शकत नव्हती. म्हणून मी बाहेरच्या खोलीतलं सामान सरकवलं आणि जमिनीवर खडूने गाडी आखली. खरी मापं, दार, चाकांचे उंचवटे, सगळं. माझा बेत असा होता की तिच्यासाठी एका बाजूला फळीचा पलंग आणि दुसऱ्या बाजूला लांब ओटा, खाली डबे, पाण्याची टाकी, घडीची खुर्ची. मी काय, पुढच्या सीटवर पाय लांब करून झोपलो असतो. कारखान्यात रात्रपाळीला लाकडी पेटीवर झोपायची सवय होतीच.

ती खडूच्या गाडीत चालून पाहू लागली. दारातून आत आली, वळली, उभी राहिली. मग म्हणाली, ओटा एवढा मोठा नको, मागे कोपऱ्यात छोटा पुरे, फक्त माझ्या कमरेइतका उंच हवा. आणि इकडे दुसरा पलंग, माझ्यासारखाच.

मी जागेचं गणित मांडून दाखवलं. तिने ऐकलं नाही. उलट बोळ अरुंद करायला लावला. एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर हात पोचला पाहिजे, म्हणाली. आम्ही दोन चटया खडूच्या रेघांवर अंथरल्या, ती एकीवर आडवी झाली आणि मला दुसरीवर झोपायला सांगितलं. हात लांब केला. नीट पोचत नव्हता. मी रेघ पुसून बोटभर आत घेतली. परत हात लांब केला. आता पोचला. ती हसली. आजारपणानंतर ती अशी क्वचित हसायची, आणि खरं सांगतो, त्या जमिनीवर पडल्या पडल्या मला भरून आलं. इतक्या वर्षांत आपण हिला जे दिलं नाही ते ही आपल्याला देते आहे, आपल्याला सीटवर अवघडून झोपू द्यायचं नाही म्हणून हट्ट धरते आहे, असं मला वाटलं. तो हात मला माझ्यासाठीच लांब केलेला वाटला.

शेठने दोन पलंगांचं ऐकून चेष्टा केली. "मियाँ-बीवी को दो खटिया? झगडा चल रहा है क्या?" एकच रुंद बेड लाव, काम सोपं, लाकूड कमी, असं त्याचं म्हणणं. मी त्याला जरा ताठ्यातच सांगितलं की बायकोचा तसा हुकूम आहे. मनातून मी तेव्हा फार खूश होतो. पुढे जे काही झालं त्यापेक्षा ते चार आठवडे मी जास्त आनंदात होतो, असं आता वाटतं.

गाडी तयार होऊन दारात आली आणि नवीन कटकट सुरू झाली. ती आधाराने आत चढली, पलंगांवरून हात फिरवला, काथ्याच्या गाद्या दाबून पाहिल्या, ओट्याशी उभी राहिली. सगळं पसंत. मग खाली उतरताना तिचं लक्ष दाराकडे गेलं. शेठने दाराच्या तळाला एक उंच लाकडी पट्टी बसवली होती, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. ती म्हणाली, ही काढून टाका. मी म्हटलं, पाय अडतो का? उंची कमी करू. ती म्हणाली, कमी नको, काढूनच टाका. मी तिला पाऊस, चिखल, लाकूड कुजणं, सगळं समजावलं. चांगल्या कामाची नासाडी मला सहन होत नाही. पण ती ढिम्म हलली नाही. शेवटी मी स्वतः करवत घेऊन, दात ओठ खात, ती पट्टी कापली आणि दाराचा तळ आतल्या फळ्यांशी सपाट केला. पुढे पहिल्याच पावसाळ्यात व्हायचं तेच झालं, बोळात पाणी यायचं आणि मी फडकं घेऊन पुसत बसायचो.

त्यापेक्षा मोठं भांडण देवावरून झालं. गाडी म्हटली की पुढे देवाची तसबीर हवी. शेठने आपणहून एक छोटं देवघर दिलं होतं, त्यात दिवा बॅटरीवर लागायचा. ती म्हणाली, आत देव लावायचा नाही. शिवमंदिराच्या रस्त्यावर नेऊन चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा, हार बाहेरून घाला, पण आत काही नाही. मी काही मोठा देवभक्त नव्हे, पण आजारी बायकोला घेऊन खड्ड्यांच्या रस्त्याने जायचं तर देव सोबत असावा एवढं मलाही वाटत होतं. आणि ही बाई तर रोज पूजा केल्याशिवाय चहा न घेणारी. मी कारण विचारलं तर म्हणाली, सांगेन नंतर. ते देवघर मी चिडून माळ्यावर टाकलं.

आम्ही निघालो ते दिवाळी उलटून गेल्यावर, रस्ते जरा सुकल्यावर. गाडी मीच चालवत होतो. कारखान्याची जीप चालवून हात बसलेला होता. चिखलोलीपर्यंत मी इतका हळू गेलो की मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढे गेले. बायको पलंगावर उताणी होती. तिला रस्ता दिसत नव्हता, खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे, विजेच्या तारा आणि आकाश. बदलापूरचं रेल्वे फाटक लागलं, गाडी थांबली, आणि ती मागून म्हणाली, फाटक आलं का? बारवीच्या रस्त्याला लागल्यावर ती काही न विचारता ओळखू लागली. हा मोठा आंबा, इथून शाळेला वळायचं. आता भाताचा वास येतोय, कापणी झालेली दिसते. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी आरशातून पाहिलं तेव्हा ती डोळे मिटून बोलत होती.

अंगणात गाडी उभी केली तेव्हा दुपार व्हायची होती. मेव्हण्याने आधीच आईला सांगून ठेवलं होतं, म्हणून कोणी घाबरलं नाही. बायको उतरली नाही. ओट्याशी उभी राहून तिने स्टोव्ह पेटवला आणि माझ्याकडून घराच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं. मेव्हणा आईला आधार देत घेऊन आला. पाठोपाठ त्याची बायको तो पितळी तांब्या घेऊन. लेक माहेरी आलीय, पण गाडी तर जावयाची. तेव्हा तांब्या बरोबर हवाच.

सासूबाई फार वाळल्या होत्या. त्यांनी गाडीला हात लावून बाहेरून चाचपलं. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत घेतलं आणि दुसऱ्या पलंगावर टेकवलं. सासूबाईंनी लेकीला जवळ ओढलं आणि पदराखालून तिच्या पाठीवर हात नेला. तो मणक्याचा उंचवटा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो आधी कधी पाहिला नव्हता, दवाखान्यात ती पाठीवर असायची. त्यांचा हात तिथे थांबला, मग त्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिला. बायको रडत होती. मी दाराबाहेर उभा राहून गाडीच्या टायरकडे पाहत होतो.

थोड्या वेळाने बायकोने ग्लास भरला आणि आईच्या हातात दिला. सासूबाईंनी तो घेतला नाही. सुनेने मांडीवर ठेवलेला तांब्या घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बाय, मी तुज्या घरचं पेत नाय."

"आई, हे घर कुठंय?" बायको म्हणाली. "तूच बघ."

मला वाटलं ही आता वाद घालणार. पण सासूबाईंनी तांब्या सुनेकडे दिला आणि खरंच बघायला सुरुवात केली. वाकून त्यांनी पलंगाखालची फळी चाचपली. मग हात लांब करून दाराचा तळ शोधला. उंबरा असतो तिथे हात नेला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. तिथे काही नव्हतं. मी कापलेल्या पट्टीच्या जागी खरबरीत लाकूड तेवढं होतं.

"उंबरा नाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "देव कुठं बसवलाय तुमी?"

"देव नाहीये आत."

"नाय?" त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. "जावईबापू, खरं?"

मी म्हटलं, हो आई, आत देव नाही. एवढं बोलता बोलता मला सगळं कळलं. ती पट्टी, ते देवघर, कमरेइतका ओटा, हाताच्या अंतरावरचा पलंग. गेले कितीतरी महिने माझी बायको गाडी निवडत नव्हती. ती आईला पाणी देता येईल अशी एक जागा बांधून घेत होती, जी घर नव्हती.

सुनेने तांब्या पुढे सरकवला, तो त्यांनी हाताने बाजूला केला.

"देव नाय, उंबरा नाय. मंग ह्ये घर कसं?" त्या म्हणाल्या. "दे, बाय. पानी दे."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी माझ्या बायकोने भरून दिलेलं पाणी तिची आई प्यायली. त्यानंतर चहा झाला. बशीत ओतून, फुंकर घालून, लेकीने पाजला. दुपारी तिने ओट्याशी उभं राहून भाकरी थापली. थापताना तिची पाठ भरून आलेली मला दिसत होती, पण तिला आडवं हो म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सासूबाई जेवल्या आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. ते ऐकून बायकोला झालेला आनंद मी कुठल्याच गोष्टीने तिला दिला नसेल.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी पलंग चाचपला आणि विचारलं, ही खाट कोणाची?

"तुझी," बायको म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

लपवत नाही, मला आधी राग आला. खडूच्या रेघांवर पडून मी जे समजलो होतो ते आठवून कानशिलं तापली. आठ दिवस मी मेव्हण्याच्या ओटीवर झोपलो. डास होते, उशी दगडासारखी होती. सकाळी अंगणात गाडीच्या खिडकीतून दोघींचं बोलणं ऐकू यायचं. कोणाचं लग्न, कोणाची म्हैस, कोण कोणाशी बोलत नाही, असलं काहीतरी, मध्येच हसणं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी बायको मला म्हणाली, "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही आईला समजवायला गेला असता." ते खरं होतं. मी गेलो असतो, रीत कशी खुळचट आहे ते सांगितलं असतं, आणि सासूबाई जिन्यात बसल्या असत्या.

पुढची दोन वर्षं जमेल तेव्हा आम्ही जात राहिलो. कॉलनीतल्या त्या गृहस्थांनी काश्मीरचं विचारणं कधी बंद केलं ते लक्षात नाही. दर खेपेला मी ओटीवर आणि सासूबाई गाडीत. त्या पलंगावर मी कधी झोपलो नाही.

सासूबाई गेल्या त्या भातकापणीच्या दिवसांत, मेव्हण्याच्या घरात, झोपेतच. आम्ही बाराव्यापर्यंत राहिलो. बायको गाडीत एकटीच असायची. मी दुसऱ्या पलंगावर येऊन झोपू का, असं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, आज नको. मी परत ओटीवर गेलो.

परतताना बदलापूरचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. बाजूला देवाच्या तसबिरी विकणारा एक जण दुकानाच्या पायरीवर बसला होता. आगगाडी धडधडत निघून गेली. मग ती मागून म्हणाली की एक तसबीर घ्या, आता आत देव लावायला हरकत नाही. मी माळ्यावरच्या देवघराची आठवण केली, तर म्हणाली, तेही लावू.

मी उतरून तसबीर घेऊन आलो. ती पलंगावर पडूनच होती, हात समोरच्या रिकाम्या गादीवर ठेवलेला.

"आणि अहो," ती म्हणाली, "दाराची ती पट्टीही बसवून घ्या. पावसाचं पाणी आत येतं."